एचपीव्हीची लस फक्त मुलींनाच का?

प्रश्न : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग लैंगिक संबंधांतून स्त्रीकडून पुरुषाला आणि पुरुषाकडून स्त्रीलाही होतो. मग अनेक देशांनी लसीकरण मुलींपुरतेच का ठेवले? निम्मी लोकसंख्या वगळून प्रसार थांबेल कसा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : गर्भाशयमुखाचा कर्करोग स्त्रियांनाच होतो, हे कारण आहेच, पण आपली शंका प्रसाराविषयी आहे आणि तिचे उत्तर साध्या गुणाकारात सापडते. समजा, लस नसताना एक बाधित स्त्री सरासरी दोन पुरुषांना आणि एक बाधित पुरुष सरासरी दोन स्त्रियांना संसर्ग देतो. म्हणजे एका स्त्रीपासून निघालेला विषाणू पुरुषांमार्फत चार स्त्रियांपर्यंत पोहोचतो. हा चारचा आकडा एकवर आला, की प्रसार वाढत नाही. शंभरपैकी ७५ मुलींना पूर्ण परिणामकारक लस दिली, तर चारपैकी तिघी बचावतात आणि काम साधते. मुलगे-मुली दोघांना घेतले, तर प्रत्येकी ५० जणांना लस द्यावी लागते, म्हणजे ७५ ऐवजी १०० जणांना. साखळीची एकच बाजू नीट तोडणे स्वस्त पडते, हे पहिल्यांदा ऐकताना मलाही उलटेच वाटले होते.

ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये मुलींचे लसीकरण सुरू झाले. त्या लसीत जननेंद्रियांवर चामखिळी उठवणारे एचपीव्हीचे प्रकारही होते. काही वर्षांतच अशा चामखिळी तरुण स्त्रियांत झपाट्याने कमी झाल्या आणि लस न घेतलेल्या, स्त्रियांशी संबंध ठेवणाऱ्या तरुण पुरुषांतही घटल्या. पुरुषांशीच संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत मात्र तशी घट दिसली नाही. त्यांची साखळी स्त्रियांमधून जातच नसल्याने वरचा गुणाकार त्यांना लागू होत नाही. मुलग्यांना लस देण्याच्या बाजूने हे भक्कम कारण आहे. तेथे २०१३ पासून मुलग्यांनाही लस मिळते.

आपल्या मनातला पुढचा प्रश्न बहुधा असा असेल, की मुलींचे लसीकरण ४० टक्क्यांवरच अडले तर काय? तेव्हा चारचा आकडा २.४ वर थांबतो. आणखी ४० टक्के मुलग्यांना लस दिली तर तो १.४४ होतो, तेवढीच लस उरलेल्या मुलींपर्यंत पोहोचवता आली, तर ०.८.