वाचकांचे प्रश्न : कारखान्यातला आणि दुकानातला अँटिव्हायरस बदलताना

संगणकाच्या सुरक्षेविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे न देता केवळ गाव आणि व्यवसाय दिला आहे.

प्रश्न (मशीन शॉप, उद्यमबाग, बेळगाव) : आमच्याकडे सात संगणक आहेत. एकावर टॅलीचा डेटा आहे, दोनांवर ड्रॉइंगचे काम चालते आणि विंडोज 7 असलेला एक जुना संगणक केवळ सीएनसी यंत्राला प्रोग्रॅम पाठवण्यासाठी ठेवला आहे. सध्याच्या अँटिव्हायरसचे लायसन्स पुढच्या महिन्यात संपत आहे. त्याने संगणक फार मंद होतात, म्हणून दुसरा घ्यावा असा विचार आहे. कोल्हापूरचे विक्रेते एक नाव सुचवतात, बेळगावचे दुसरे. कोणता घ्यावा आणि बदलताना काय काळजी घ्यावी?

उत्तर : बदलाचे कारण संगणकाचा मंदपणा हेच असेल, तर आधी एक गोष्ट तपासून पाहावी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर आणि 4 जीबी मेमरीवर चालणाऱ्या संगणकात कोणताही अँटिव्हायरस घातला तरी तो मंदच वाटतो, आणि अशा ठिकाणी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवून घेण्याचा खर्च नव्या लायसन्सपेक्षा अधिक उपयोगी पडतो. पूर्ण तपासणीची वेळ सकाळी कामाच्या सुरुवातीलाच लावलेली असेल, तर ती जेवणाच्या सुटीत किंवा संध्याकाळी न्यावी. एवढे करूनही फरक पडला नाही, तर अवश्य बदलावे.

निवडीबाबत आमचे मत असे आहे की प्रसिद्ध कंपन्यांच्या उत्पादनांमध्ये व्हायरस पकडण्याच्या क्षमतेचा जो फरक असतो, तो सात संगणकांच्या कारखान्याला सहसा जाणवत नाही. जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्था नियमित चाचण्या घेऊन निकाल खुले ठेवतात. ते पाहावेत, परंतु एकाच महिन्याचा निकाल न पाहता मागील काही चाचण्यांतले सातत्य पाहावे. ज्याचा फरक तुम्हाला रोज जाणवेल ती बाब वेगळीच आहे. सातही संगणकांची स्थिती एका जागी बसून पाहता येते का, कोणत्या संगणकाचा अपडेट अडकला आहे हे कळते का, आणि एखाद्या कामगाराने अँटिव्हायरस बंद करू नये म्हणून त्याला पासवर्ड लावता येतो का, हे विक्रेत्याला विचारावे. घरगुती लायसन्सच्या सात पेट्या घेण्याऐवजी छोट्या व्यवसायांसाठी असलेली, एका नियंत्रण-पटलावरून चालणारी आवृत्ती घ्यावी असे आम्ही आग्रहाने सांगतो. पुण्याच्या क्विक हीलने व्यवसायांसाठी सेक्राइट हे स्वतंत्र नाव ठेवले आहे. चेन्नईच्या के7 कडे आणि बहुतेक परदेशी कंपन्यांकडेही अशा आवृत्त्या आहेत. मायक्रोसॉफ्टची डिफेंडर फॉर बिझनेस ही 300 वापरकर्त्यांपर्यंतच्या व्यवसायांसाठी आहे.

कोल्हापूर की बेळगाव, याचे उत्तर दुरुस्तीला माणूस कुठून लवकर येईल यावर ठरवावे. कोल्हापुरातून घेतल्यास बिलावर तुमचा 29 ने सुरू होणारा कर्नाटकचा जीएसटी क्रमांक आणि 18 टक्के आयजीएसटी (दोन राज्यांतील व्यवहारावरचा कर) लावलेला आहे ना, हे पाहून घ्यावे. महाराष्ट्राचा सीजीएसटी आणि एसजीएसटी लावून बिल आले, तर त्या कराची वजावट कर्नाटकातील नोंदणीवर घेता येत नाही, आणि सीमेच्या अलीकडे-पलीकडे खरेदी करणाऱ्या आपल्याकडच्या व्यापाऱ्यांचे पैसे अशा बिलांत नाहक अडकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लायसन्सची नोंदणी तुमच्या व्यवसायाच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइल क्रमांकावर व्हावी. अनेकदा बसवणारा मुलगा घाईत स्वतःचाच ईमेल टाकतो आणि पुढे नूतनीकरण करायचे, संगणक बदलायचा किंवा अँटिव्हायरसच काढायचा म्हटले की मालकाला त्या मुलाचा शोध घ्यावा लागतो. सध्याचे लायसन्स कोणाच्या नावावर आहे आणि त्याचा अनइन्स्टॉल पासवर्ड कोणाकडे आहे, हे आजच विचारून घ्यावे.

आता प्रत्यक्ष बदल. लायसन्स संपण्याच्या दिवशी हे काम काढू नये. दोन-तीन आठवडे हातात असताना सुरुवात करावी, आणि मासिक विवरणपत्रे भरत असाल तर 11 आणि 20 या जीएसटीच्या तारखांच्या आसपासचे दिवस टाळावेत. पहिली पायरी बॅकअपची आहे. टॅलीचा डेटा, ड्रॉइंग आणि सीएनसीचे प्रोग्रॅम एका बाहेरच्या डिस्कवर घ्यावेत, त्या डिस्कवरून एखादी फाइल उघडून पाहावी आणि मग ती डिस्क सोडवून कपाटात ठेवावी. जोडलेली ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरच्या (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या) हल्ल्यात इतर फाइलींबरोबरच जाते, म्हणून तिला बॅकअप मानता येत नाही. त्यानंतर जुन्या अँटिव्हायरसमध्ये कोणते फोल्डर तपासणीतून वगळले आहेत आणि क्वारंटाइनमध्ये (संशयित फाइली कोंडून ठेवण्याच्या जागेत) कोणत्या फाइली आहेत, ते कागदावर उतरवून घ्यावे, कारण अनइन्स्टॉल केल्यावर ही माहिती राहत नाही. नव्याची इन्स्टॉल करण्याची फाइल आणि जुन्या कंपनीचे खास काढून टाकण्याचे साधन, ही दोन्ही त्या त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून ठेवावीत.

एकाच संगणकावर सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एका वेळी कधीही ठेवू नयेत. दोघेही प्रत्येक फाइल उघडताच तिच्यावर ताबा घेऊ पाहतात. त्यामुळे संगणक गोठतो, आणि कधीकधी एकजण दुसऱ्याच्या क्वारंटाइनमधल्या फाइलींनाच व्हायरस समजू लागतो. म्हणून जुना अनइन्स्टॉल करावा, संगणक पुन्हा सुरू करावा, काढून टाकण्याचे साधन चालवावे, पुन्हा एकदा सुरू करावा आणि मगच नवा टाकावा. मधल्या वेळेत विंडोज 10 किंवा 11 मध्ये मुळातच असलेला डिफेंडर हा अँटिव्हायरस आपोआप जागा होतो आणि नवा अँटिव्हायरस आल्यावर आपोआप बाजूला होतो, त्यामुळे तो काळ अगदी उघडा राहत नाही. मात्र विंडोज सर्व्हर असलेल्या संगणकावर डिफेंडर असा आपोआप बाजूला होत नाही. तिथे ती व्यवस्था हाताने करावी लागते, आणि तुमच्या टॅलीच्या संगणकावर सर्व्हर आवृत्ती असेल तर ही बाब तंत्रज्ञाला आवर्जून सांगावी. वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून हे काम यूपीएसवरच करावे. अर्धवट निघालेला अँटिव्हायरस नंतर ना चालतो ना निघतो.

हे सर्व प्रथम एकाच संगणकावर, शक्यतो ड्रॉइंगच्या दोनांपैकी एकावर करावे आणि आठवडाभर नेहमीचे काम चालवून पाहावे. तोपर्यंत उरलेल्या संगणकांवर जुना अँटिव्हायरस चालूच राहतो. अडचणी बहुधा नव्या अँटिव्हायरसच्या फायरवॉलमुळे (नेटवर्कवरची ये-जा अडवणाऱ्या भागामुळे) येतात. दुसऱ्या संगणकावरून टॅलीची कंपनी उघडत नाही, नेटवर्कचा प्रिंटर दिसत नाही, किंवा डिजिटल सहीचे यूएसबी टोकन ओळखले जात नाही. अशा वेळी फायरवॉल सरसकट बंद न करता त्या त्या प्रोग्रॅमला परवानगी द्यावी. पहारा खरोखर चालू आहे का हे पाहण्यासाठी आयकार नावाची चाचणी-फाइल असते. ती 68 अक्षरांची निरुपद्रवी ओळ असून सर्व प्रमुख अँटिव्हायरस तिला व्हायरस म्हणून पकडतात. ती पकडली गेली आणि विंडोज सिक्युरिटीच्या पडद्यावर नव्या अँटिव्हायरसचे नाव दिसले, म्हणजे त्या संगणकाचे काम झाले. टॅलीचा संगणक सर्वांत शेवटी घ्यावा.

राहिला विंडोज 7 चा संगणक. मायक्रोसॉफ्टने त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 जानेवारी 2020 रोजी बंद केले आणि नवे अँटिव्हायरस त्याला चालतीलच असे नाही. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर पसरला तेव्हा ज्या त्रुटीतून तो शिरत होता, तिचा अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिला होता. फटका बसला तो मुख्यतः तो अपडेट न घेतलेल्या संगणकांना, आणि एकदा आत आल्यावर तो नेटवर्कवरून एका संगणकातून दुसऱ्यात स्वतःहून जात होता. यंत्रासाठी जुना संगणक ठेवावाच लागत असेल, तर त्याची नेटवर्क केबल काढून ठेवावी, त्यावर इंटरनेट देऊ नये आणि प्रोग्रॅम नेण्यासाठी एकच पेन ड्राइव्ह राखून ती प्रत्येक वेळी नव्या संगणकावर तपासून मगच लावावी.

प्रश्न (अडत व्यापारी, निपाणी) : दुकानात दोन संगणक आहेत, दोन्हींवर विंडोज 10 आहे. विंडोजमध्ये असलेला फुकटचा अँटिव्हायरस पुरेसा आहे का? मुलगा म्हणतो, नेटवरून दुसरा एखादा फुकटचा टाकू.

उत्तर : मुलाची सूचना मानू नये. अनेक कंपन्यांच्या मोफत आवृत्त्या केवळ घरगुती वापरासाठी असतात आणि व्यवसायात वापरल्यास परवान्याच्या अटी मोडतात. विंडोजसोबत येणारा डिफेंडर दुकानातही वापरता येतो, स्वतंत्र चाचण्यांत तो चांगले गुण मिळवतो, आणि दोन संगणकांच्या दुकानाला तो पुरेसा आहे असे आम्ही निःशंकपणे म्हणू, परंतु त्याखालचे विंडोज धड असेल तरच. विंडोज 10 चा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. त्यानंतर डिफेंडरला व्हायरसची नवी ओळख मिळत राहिली, तरी विंडोजमधील नव्या त्रुटी बुजवल्या जात नाहीत. संगणकात इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची अंगभूत सोय असेल, तर बहुधा विंडोज 11 वर मोफत जाता येईल. नसेल तर व्यवसायांना पैसे भरून कमाल तीन वर्षे सुरक्षा अपडेट घेण्याची सोय आहे. अँटिव्हायरससाठी बाजूला ठेवलेले पैसे आधी या कामी लावावेत.

डिफेंडर वापरताना दोन गोष्टी कराव्यात. टॅम्पर प्रोटेक्शन (डिफेंडर परस्पर बंद होऊ न देणारी सोय) चालू आहे ना ते पाहावे, आणि कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस चालू करून हिशेबाचा फोल्डर त्यात घालावा, म्हणजे अनोळखी प्रोग्रॅमला त्या फाइली बदलता येणार नाहीत. हिशेबाच्या प्रोग्रॅमलाच अडवले जात असेल, तर त्याला परवानगीच्या यादीत घालावे.

प्रश्न (डीटीपी व झेरॉक्स केंद्र, खानापूर) : दिवसभर लोक पेन ड्राइव्ह घेऊन येतात आणि अँटिव्हायरस सारखा इशारा देतो. एकदा त्याने आमचे टायपिंगचे सॉफ्टवेअरही काढून टाकले. संगणक बसवणाऱ्याने सांगितले की काम करताना अँटिव्हायरस बंद ठेवा. दुसरा अँटिव्हायरस घेतला तर हा त्रास थांबेल का?

उत्तर : थांबणार नाही, आणि बंद ठेवण्याचा सल्ला अत्यंत घातक आहे. तुमच्यासारख्या केंद्रात एका गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हवरचा व्हायरस संध्याकाळपर्यंत पंचायतीपासून शाळेपर्यंत सर्वत्र पोहोचू शकतो. फोल्डर लपवून त्याच नावाचा शॉर्टकट तयार करणारा व्हायरस अशाच केंद्रांतून पसरतो. गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हसाठी शक्य असल्यास एक संगणक वेगळा ठेवावा, त्यावर रोजचे काम प्रशासकाचे अधिकार नसलेल्या खात्यातून करावे, आणि आधार कार्डांच्या वगैरे प्रती काम झाल्यावर पुसून टाकाव्यात.

टायपिंगच्या सॉफ्टवेअरविषयी मात्र स्पष्ट विचारतो. ते विकत घेतलेले होते, की कोणी क्रॅक करून दिलेले? क्रॅक किंवा अॅक्टिव्हेटर असलेली फाइल अँटिव्हायरस पकडतो ती बहुधा योग्य कारणानेच, आणि तिच्यासाठी पहारा बंद ठेवला की बाकी सर्व काही आत येते. कन्नडसाठी कन्नड गणक परिषदेचे नुडी मोफत मिळते. ते मूळ ठिकाणाहूनच घ्यावे. युनिकोडमध्ये टाइप करायचे असेल, तर मराठी आणि कन्नड दोन्ही कीबोर्ड विंडोजमध्येच आहेत. लग्नपत्रिकांच्या जुन्या फॉन्टसाठी सशुल्क सॉफ्टवेअर लागत असेल, तर ते रीतसर विकत घ्यावे. रीतसर घेतलेले सॉफ्टवेअर चुकून पकडले गेले, तर क्वारंटाइनमधून परत आणून केवळ त्या एका फाइलला सूट द्यावी, पूर्ण सी ड्राइव्हला कधीही देऊ नये. शंका असल्यास ती इन्स्टॉलची फाइल व्हायरसटोटलवर अनेक अँटिव्हायरसकडून एकाच वेळी तपासून घेता येते. तिथे गिऱ्हाइकाची कागदपत्रे मात्र चढवू नयेत, कारण तिथे दिलेल्या फाइली इतरांच्या हाती जाऊ शकतात.

प्रश्न (साडी व्यापारी, शहापूर, बेळगाव) : अमेरिकेने एका परदेशी अँटिव्हायरसवर बंदी घातल्याचे वाचले. आपणही देशीच घ्यावा का?

उत्तर : ती बंदी अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने जून 2024 मध्ये रशियाच्या कॅस्परस्कीवर घातली. त्या वर्षीच्या 29 सप्टेंबरनंतर तिथल्या ग्राहकांना अपडेट देण्यास कंपनीला मनाई झाली, आणि त्याआधी तिथल्या अनेकांच्या संगणकावर कॅस्परस्कीच्या जागी अल्ट्राएव्ही नावाचा दुसराच अँटिव्हायरस आपोआप आला. आपल्या संगणकात इतक्या खोलवर अधिकार असलेल्या सॉफ्टवेअरबाबत असे होऊ शकते, म्हणून कंपनी कोणाची आहे हा प्रश्न गैर नाही. परंतु केवळ देशावरून निर्णय घेऊ नये. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख संगणक बंद पडले, आणि भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. सदोष अपडेट देशी कंपनीकडूनही येऊ शकतो. देशी कंपनी घेण्याचे खरे कारण म्हणजे आपल्या भाषेत आणि आपल्या वेळेत मिळणारी मदत. ती मिळते का, हे पैसे देण्यापूर्वी त्यांच्या मदत-क्रमांकावर एकदा फोन करून पाहावे. क्रमांक लायसन्सच्या कागदावरून किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा. पडद्यावर अचानक उगवणाऱ्या इशाऱ्यात जो क्रमांक असतो, तो फसवणाऱ्यांचा असतो. तसे कोणी पैसे उकळले असतील, तर विलंब न लावता 1930 या सायबर फसवणुकीसाठीच्या सरकारी मदत-क्रमांकावर तक्रार नोंदवावी.