रक्तजनक पेशी ‘चिकटतात’ की ‘धरून राहतात’?

एका अनुवादकाने विचारलं आहे: ‘रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचा चिकटपणा प्रथिनांच्या परस्परक्रियांनी नियंत्रित होतो’ हे वाक्य चालेल का?

व्याकरणात खोट नाही, पण ‘चिकटपणा’ नको. रक्त आणि चिकटपणा शेजारी आले की वाचकाला रक्त घट्ट होणं, गुठळी होणं आठवतं. इथे विषय वेगळाच आहे. या मूलपेशी (स्टेम सेल) अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, तिथल्या पेशींना आणि तंतूंना धरून राहतात.

त्या धरण्यात काय घडतं ते पाहा. पेशीच्या पृष्ठभागावर इंटिग्रिन नावाची प्रथिनं असतात. रक्तजनक पेशींसाठी त्यातलं व्हीएलए-४ फार महत्त्वाचं. एरवी ते बरंचसं वाकून, मिटून असतं. मज्जेतल्या पेशी सीएक्ससीएल-१२ हे प्रथिन सोडतात, ते मूलपेशीवरच्या सीएक्ससीआर-४ या ग्राहीला (निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) मिळतं आणि निरोप आत जातो. मग आतली टॅलिन आणि किंडलिन ही प्रथिनं इंटिग्रिनच्या आतल्या शेपटीला बिलगतात. त्यासरशी बाहेरचं टोक ताठ होतं, उघडतं आणि शेजारच्या पेशीवरच्या व्हीकॅम-१ या प्रथिनाला घट्ट धरतं. इंटिग्रिनची संख्या तेवढीच राहते, पकड मात्र वाढते. डिंकाचं असं नसतं; तो लावला की चिकटला.

म्हणून या धरून राहण्याला (इंग्रजीत ‘अ‍ॅडहीजन’) पारिभाषिक नाम म्हणून ‘आसंजन’ ठेवावं. संग, आसक्ती, प्रसंग ज्या ‘सञ्ज्’ धातूचे, त्याच कुळातला हा शब्द. क्रियापद मात्र ‘आसंजित होणे’ असं ओढूनताणून करू नये. ‘धरून राहणे’, ‘पकड घट्ट होणे’, ‘पकड सुटणे’ हे आपल्याकडे आहेतच.

सुटण्याला तर इथे फार मोल आहे. मूलपेशी दान करणाऱ्याला जी-सीएसएफ या, रक्तपेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनाची इंजेक्शनं देतात. मज्जेतली पकड सैल पडते, पेशी रक्तात उतरतात आणि शिरेतून गोळा करता येतात. अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळालेलं प्लेरिक्साफॉर हे औषध थेट सीएक्ससीआर-४ला अडवतं, त्यानेही त्या रक्तात येतात. हे ‘चिकटपणा कमी केला’ असं सांगून पाहा, वाक्य लगेच लंगडतं.

दुसरी दुरुस्ती ‘नियंत्रित’ची. नियंत्रणात आवर घालण्याचा भाव येतो. इथे पकड आवळणं आणि सोडणं दोन्ही आहे, तेव्हा ‘नियमन’. ते बिघडलं तर काय होतं ते किंडलिन-३च्या जन्मजात दोषात दिसतं: पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला नीट धरू शकत नाहीत, रक्त थांबवणाऱ्या बिंबिकांचीही (प्लेटलेट) तीच गत, त्यामुळे वारंवार संसर्ग आणि रक्तस्राव.

मूलपेशी की स्कंधपेशी, हा वाद मी इथे काढत नाही. दोन्ही रूढ आहेत. मी वाक्य असं लिहीन: ‘मानवी रक्तजनक मूलपेशी मज्जेला किती घट्ट धरतील, याचं नियमन प्रथिनांच्या परस्परक्रियांतून होतं.’ शीर्षकात किंवा तक्त्यात ‘रक्तजनक पेशींचे आसंजन’ पुरे.