ग्रिलचे हरवलेले पाय आणि गंजलेला बर्नर: वाचकांची प्रश्नोत्तरे

काकांनी आखातातून आणलेला गॅस ग्रिल बरीच वर्षं पडवीत पडून होता. एका बाजूचा पाय आणि खालची आडवी पट्टी गायब आहे. कंपनीकडे सुटे भाग नाहीत. काय करू? (म्हापसा)

कंपनीचा नाद सोडा. सांगाडा म्हणजे चौकोनी पाइप आणि नटबोल्ट, गेट-ग्रिल करणारा कोणताही फॅब्रिकेटर तो बनवून देईल. शाबूत बाजू सोडवून पुठ्ठ्यावर ठेवा, भोकं पेन्सिलीने आखा आणि पुठ्ठा उलटा करा. समोरच्या बाजूचा साचा तयार. भोकांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, कडेपासून मोजलंत तर बोल्ट बसताना रडवेल. पाइपची उघडी तोंडं बंद करून घ्या, कारण खारं दमट वारं आत शिरलं की पाय आतून कुजतो आणि बाहेरचा रंग तसाच चकचकीत दिसतो. साध्या लोखंडाला आधी रेड ऑक्साइड (गंज रोखणारा अस्तराचा हात), मग रंग. स्टेनलेस स्टीलच हवं असेल तर २०२ ग्रेडचं घेऊ नका, किमान ३०४ मागा. घर किनाऱ्याला लागून असेल तर ३१६, त्यातलं मॉलिब्डेनम मिठाला तोंड देतं. आचेजवळ जस्ताचा मुलामा असलेला पत्रा अजिबात नको. जस्त ४१९ अंशांनाच वितळतं आणि फार तापलं तर त्याचा धूर बाधतो.

एका टोकाला ज्योत पिवळी, दुसऱ्या टोकाला नाहीच. (पणजी)

बर्नरच्या नळीत कोळ्याने जाळं किंवा कुंभारीण माशीने मातीचं घर केलं असणार. नळी काढून लांब ब्रशने साफ करा. भोकं तारेने मोकळी करा, मोठी करू नका. गंजून दोन भोकांचं एक झालं असेल तर बर्नर बदला. इथे वेल्डिंगचा जुगाड मला मान्य नाही. जाळ नॉबच्या मागे दिसला तर सिलिंडर लगेच बंद करा.

परदेशी ग्रिल आपल्या सिलिंडरवर चालेल? (फोंडा)

आधी मागची पट्टी वाचा. ‘नॅचरल गॅस’ लिहिलं असेल तर जेटची, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीची, भोकं मोठी असतात. एलपीजी जोडलात तर ज्योत भडकेल. अमेरिकी प्रोपेनचा ग्रिल साधारण २८ मिलिबार दाबावर चालतो आणि आपला घरगुती रेग्युलेटर ३०च्या आसपास देतो, त्यामुळे दाबाची फारशी अडचण नाही. अडचण जोडाची, तो जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या. नळी आयएसआय छापाची, आणि प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. शॅकवर (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलात) लावणार असाल तर १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्या.

पावसाळ्यात बिडाच्या जाळ्या गंजतात. (पेडणे)

घासून, वाळवून, खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि तापवा. ताडपत्री घट्ट आवळू नका, आत घाम धरतो. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटत असतील तर तो बहुतेक रंग नसतो, जळकी चरबी असते. खरवडून टाका, नाहीतर बांगड्यावर पडेल.