मैत्रिणीच्या हेरातच्या बहिणीने आता काय शिकावं?

तुझं पत्र वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. तू पुण्यात एमएस्सी करतीयेस, तुझी रूममेट अफगाणिस्तानातल्या हेरातची, तिची धाकटी बहीण आता १७ वर्षांची. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान आलं तेव्हा ती सातवीत होती आणि तिथेच तिची शाळा संपली. तिला डॉक्टर व्हायचंय. तुम्हाला कुठेतरी ऑनलाइन एमबीबीएसची जाहिरात दिसली, त्याची फी भरायची म्हणून रूममेट स्वतःची एमएस्सी सोडून नोकरी धरायच्या विचारात आहे, आणि हे बरोबर आहे का असं तू विचारतीयेस.

अगं, अजिबात नाही. दोन्ही गोष्टी आजच थांबवा. डॉक्टरकी वॉर्डात, पेशंटजवळ उभं राहून शिकायची असते, सगळं घरबसल्या शिकवून एमबीबीएस देतो म्हणणाऱ्यांना पैसे दिले तर ते गेलेच समजा. आणि रूममेटने कॉलेज सोडलं तर तिचा स्टुडंट व्हिसाच धोक्यात येतो, शिवाय त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणजे पगारही नाही आणि डिग्रीही नाही. त्या घरातली आज कॉलेजला जाऊ शकणारी ती एकटी मुलगी आहे, तिलाच परत जावं लागलं तर दोघींचंही शिक्षण गेलं. हे तिला तू बसवून सांग, हवं तर माझं नाव घेऊन सांग.

आता धाकटीचं. तिला काय काय बंद आहे हे आधी नीट समजून घे, नाहीतर आपण भलत्याच दारावर धडका मारत बसू. सप्टेंबर २०२१ मध्ये फक्त मुलांची हायस्कूलं उघडली. २३ मार्च २०२२ ला मुलींचीही उघडणार असं सांगितलं, मुली शाळेत पोचल्या आणि त्याच दिवशी त्यांना घरी पाठवलं. डिसेंबर २०२२ मध्ये मुलींना युनिव्हर्सिट्याही बंद केल्या. तरीही नर्सिंग आणि मिडवायफरीचे कोर्स चालू होते, मी तेव्हा कुणालाही तोच रस्ता सांगितला असता, पण डिसेंबर २०२४ मध्ये तेही बंद झाले. ज्या देशात बाईने पुरुष डॉक्टरकडे जाण्यावरच इतकी बंधनं आहेत तिथे नव्या सुईणी आणि नर्स तयार होऊच द्यायच्या नाहीत, म्हणजे उद्या बाळंतपणाला बाईजवळ कोण असणार, याचा विचार केला की मला फार त्रास होतो. युनेस्कोने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं होतं की किमान १४ लाख मुलींची पुढची शाळा अशी मुद्दाम बंद केलीये.

तिला भारतातच आणता येईल का असंही तू विचारलंयस. आज त्याच्यावर भिस्त ठेवू नका. ७२ किलोमीटरपेक्षा लांब जायचं तर बाईसोबत घरचा पुरुष लागतो. ऑगस्ट २०२३ मध्ये दुबईत शिकायला निघालेल्या मुलींना, हातात स्कॉलरशिप असताना, काबूलच्या एअरपोर्टवर अडवलं होतं. त्यात भारताचा व्हिसा मिळणं वेगळंच. आणि आयसीसीआरच्या, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना आपलं सरकार देतं त्या स्कॉलरशिपने डिग्री करायची तर बारावी लागतेच, जी तिच्याकडे नाहीये.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की डिग्रीच्या मागे आत्ता लागू नका, सातवी ते बारावी भरून काढा. तू लिहिलंयस की घरात एकच स्मार्टफोन आहे, तो भावाकडे असतो, पण टीव्हीला डिश आहे. हे फार कामाचं आहे! पॅरिसहून बेगम टीव्ही नावाचं सॅटेलाइट चॅनल चालतं, मार्च २०२४ पासून, त्यावर सातवी ते बारावीचे धडे दरी आणि पश्तो या तिथल्या भाषांमधून दाखवतात. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी तिथे देशभर इंटरनेट बंद केलं होतं ते आठवतंय ना, म्हणून सगळं नेटवर ठेवून चालणार नाही. फोन मिळेल तेव्हा सोलाएक्स ही अफगाण मुलींसाठीची ऑनलाइन शाळा बघा, ते व्हॉट्सॲपवरूनच शिकवतात, फुकट आहे आणि दरीतही आहे.

कसं करायचं ते सांगते. तिने सातवीच्या गणितापासूनच सुरू करावं, तिला ते बाळबोध वाटलं तरी. एका वहीत तारीख, धड्याचं नाव, खाली सोडवलेली गणितं, आणि आठवड्यातून एकदा त्या पानांचे फोटो पुण्याला. रूममेटने ते तपासून, कुठे चुकलं ते बोलून, व्हॉइस मेसेज पाठवायचा, नुसतं शाब्बास म्हणून सोडायचं नाही. बायोलॉजी तू घे, तुझा विषयच आहे. गणित, बायोलॉजी आणि इंग्रजी, पहिलं वर्षभर एवढंच पुरे. वहीवर पूर्ण नाव नको, फोटोत चेहरा नको, आणि प्लीज तिच्याबद्दल कुठेही पोस्ट टाकू नकोस, तुझा हेतू कितीही चांगला असला तरी त्याचा त्रास तिकडे वडिलांना होईल.

दाखल्याचा प्रश्न उरतोच, तो मी लपवत नाही. युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल ऑनलाइन आहे, हेल्थ सायन्सची डिग्री देते, अफगाण मुलींना स्कॉलरशिपही देते, पण बारावी झाल्याचा कागद मागते. बांगलादेशात चितगावला एशियन युनिव्हर्सिटी फॉर वुमन आहे, तिथे बऱ्याच अफगाण मुली शिकल्यात, त्यांना ईमेल करून विचार की अशी अर्धवट शाळा झालेल्या मुलीचं काय करता येईल. आणि ती कधी इथे पोचलीच तर एनआयओएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या ओपन स्कूलची दहावी आहे, १४ पूर्ण असले की बसता येतं, आधीच्या शाळेचा दाखला नसेल तर आपल्याला तेवढं येतं असं स्वतः लिहून देता येतं. परदेशी मुलीला कुठली कागदपत्रं लागतील ते मात्र सेंटरवर जाऊन आत्ताच विचारून ठेव.

अजून एक. पत्रात तुझं आहे, रूममेटचं आहे, वडिलांची भीती आहे, पण धाकटीचं स्वतःचं एक वाक्यही नाहीये. डॉक्टर व्हायचंय हे ती सातवीत असताना म्हणाली होती की आत्ताही म्हणते? दिवसभरात तिला घरकामातून किती वेळ मिळतो, कुठल्या वेळी टीव्ही मोकळा असतो, हे तिलाच विचारा आणि मग मला लिही, म्हणजे आपण तिच्या वेळेप्रमाणे आठवडा आखू.