उल्का, अशनी, लघुग्रह: कुठला शब्द कुठे?

प्रश्न असा आहे: बातम्यांत 'शेतात उल्का पडली' आणि 'पृथ्वीजवळून महाकाय उल्का जाणार' अशी दोन्ही वाक्यं येतात. ती बरोबर आहेत का? उल्का, अशनी, लघुग्रह हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

चालत नाहीत, आणि दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. उल्का म्हणजे दगड नव्हे, आकाशात उमटणारी प्रकाशाची रेघ. अवकाशातला खडा सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात घुसतो, त्याच्या पुढची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते, खड्याची वाफ होऊ लागते आणि साधारण ८० ते १२० किलोमीटर उंचीवर तो उजेड दिसतो. बहुतेक खडे वाळूच्या कणाएवढेच असतात, ते तिथेच संपतात. त्यातून वाचून जमिनीवर पोचलेला तुकडा म्हणजे अशनी. आणि दूर अवकाशात सूर्याभोवती फिरणारा मोठा खडक तो लघुग्रह. म्हणून दुसऱ्या बातमीत 'लघुग्रह' हवा, पहिलीत 'अशनी'.

१५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर एकाच वस्तूला हे तिन्ही शब्द लागू पडले. आदल्या दिवशीपर्यंत तो सुमारे २० मीटर व्यासाचा लघुग्रह होता. वातावरणात पेटला तेव्हा दिसली ती उल्का. इतक्या झगझगीत उल्केला अग्निगोल म्हणतात. पुढे चेबारकुल सरोवराच्या तळातून साडेसहाशे किलोंच्या आसपासचा तुकडा काढला, तो अशनी. दीड हजाराच्या आसपास लोक जखमी झाले ते मुख्यतः धक्कालहरीने फुटलेल्या काचांमुळे.

हा भेद आपल्याकडे जुना आहे. प्राचीन ज्योतिषी वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उल्कांचे पाच प्रकार दिले आहेत: धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत आणि तारा. त्यांतली अशनी मोठ्या आवाजासह माणसं, हत्ती, घोडे, घरं, झाडं यांवर कोसळते, जमीन फाडते. आजची व्याख्या तीच नाही, पण जमिनीवर आदळणाऱ्या गोष्टीला निराळं नाव हवं ही जाण तिथे आहे. लोणारच्या विवराबद्दलही 'उल्कापात' म्हणण्यापेक्षा 'अशनिपात' म्हणावं. बेसाल्टमध्ये, म्हणजे कठीण काळ्या खडकात, जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा प्रकाशाच्या रेघेने पडत नाही. आता तिथे तो अख्खा दगड शोधू नये. एवढ्या आघातात तो बहुतेक वितळून, वाफ होऊन जातो.

'बटुग्रह' हा लघुग्रहाचा समानार्थी शब्द नाही. स्वतःच्या गुरुत्वाने गोल झालेला, सूर्याभोवती फिरणारा, पण आपली कक्षा साफ न केलेला, म्हणजे वाटेतल्या इतर खडकांना दूर न सारलेला, तो बटुग्रह, ही आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची २००६ची व्याख्या. प्लूटो बटुग्रह आहे, त्याला लघुग्रह म्हणू नये. १८०१ साली सापडलेला सेरेस आधी ग्रह, मग लघुग्रह आणि आता बटुग्रह मानला जातो. धूमकेतू बर्फ आणि धुळीचा. सूर्याजवळ आला की शेपूट फुटते. त्याने मागे टाकलेल्या धुळीतून पृथ्वी गेली की उल्कावर्षाव होतो. डिसेंबरातल्या मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाचा उगम मात्र फेथॉन या लघुग्रहात मानतात.

२ एप्रिल २०२२च्या संध्याकाळी महाराष्ट्रभर जे जळते तुकडे दिसले त्यांनाही कित्येकांनी उल्का म्हटलं. नंतर चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ धातूचं मोठं कडं सापडलं. तो रॉकेटचा अवशेष होता. ओळख सोपी आहे. उल्का बहुधा एक-दोन सेकंदांत विझते. कक्षेतून खाली येणारा अवकाश कचरा सेकंदाला आठ किलोमीटरच्या आतच असतो, त्यामुळे जवळपास आडव्या वाटेने, तुकड्यांची रांग करत, अर्धा-एक मिनिटही दिसत राहतो.

लेखनाचं एवढंच: सुटा शब्द 'अशनी', समासात 'अशनिपात', तसंच 'धूमकेतू', पण 'धूमकेतुदर्शन'.