सेंद्रिय मातीत फिरणारे बारीक ठिपके: चालीवरून ओळखा

थोडक्यात तुमचा प्रश्न असा: गांडूळखत आणि पेंड घालून केलेल्या मातीत पांढरे-तपकिरी ठिपके फिरताना दिसतात, पाणी घातलं की कुंडीच्या काठावर चढतात. हा लाल कोळी आहे का, आणि माती फेकून द्यावी का?

माती फेकू नका. लाल कोळ्याची शंका असेल तर मातीकडे न बघता पान उलटं करून बघा. तो पानाच्या मागच्या बाजूला राहून रस शोषतो, पानावर फिकट टिपके पडतात आणि जोर वाढला की बारीक जाळी दिसते. त्याला कोरडी, गरम हवा मानवते. ओल्या मातीवर घोळक्याने फिरणारे जीव बहुतेक वेळा दुसरेच असतात.

आता ते कोण, हे ओळखायचं कसं? बहुतेकदा ते माइट असतात, म्हणजे कोळ्याच्या नात्यातले बारीक जीव; लाल कोळीही त्यातलाच एक. माइटला आठ पाय असतात हे खरं, पण नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना सहाच असतात, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या जिवाचे पाय मोजत बसणं साध्या डोळ्यांनी जमत नाही. मी आधी चाल बघतो. कुंडीतली वरची चिमूटभर माती पांढऱ्या कागदावर पसरा, दहापट मोठं दाखवणारं हातभिंग घ्या आणि मिनिटभर काहीही न हलवता बघत राहा. मोबाइलवर फोटोऐवजी व्हिडिओ काढा. फोटोत सगळे ठिपके सारखेच दिसतात.

जो सुसाट पळतो, मध्येच थबकतो आणि पुढचे दोन पाय उचलून मिशांसारखे हवेत चाचपतो, तो शिकारी माइट. रंग फिकट तपकिरी, पाठ थोडी चकचकीत. स्ट्रॅटिओलेलॅप्स नावाचा याच गटातला माइट पैदास करून मुद्दाम विकला जातो. तो मातीच्या वरच्या थरात राहून फंगस नॅटच्या (ओल्या मातीभोवती उडणाऱ्या चिलटांसारख्या बारीक काळ्या माश्यांच्या) अळ्या आणि मातीत कोषावस्थेत गेलेले फुलकिडे खातो. तुमच्याकडे असा कोणी फुकट आला असेल तर त्याला दुखवू नका.

जो गोल, गडद तपकिरी, चकचकीत आहे आणि रमतगमत चालतो, तो ओरिबॅटिड, हाही माइटच. लांबून वाळूचा काळसर कण वाटतो, कण हलला की कळतं. काही जातींना टोकरलं की पाय आत घेऊन डबी मिटल्यासारख्या बंद होतात. बुरशी आणि कुजकी पानं हे त्याचं अन्न. त्याची वाढ संथ, अंडी थोडी. म्हणून हे भरपूर दिसले तर ती माती बराच काळ कोणी उकरलेली नाही असं मी समजतो.

तुम्हाला घाबरवणारे पांढरे ठिपके बहुधा तिसऱ्या गटातले असावेत: अर्धपारदर्शक, मऊ, हळू चालणारे, मागे लांब केस असलेले बुरशी-माइट. पेंड किंवा कोंडा ताजा घातला, वर ओल टिकली, की आधी बुरशीची पांढरी साय येते आणि मागोमाग हे. उबदार, दमट हवेत यांची एक पिढी दोन-तीन आठवड्यांत तयार होते, त्यामुळे एकदम लोंढा आल्यासारखं वाटतं. खाणं संपलं की संख्या आपोआप उतरते. नुकत्या उगवलेल्या कोवळ्या रोपांना ते क्वचित कुरतडतात, मोठ्या झाडाला सहसा काही करत नाहीत. ते चावत नाहीत, मात्र ज्यांना ॲलर्जीचा त्रास आहे त्यांनी अशी माती चेहऱ्याजवळ उकरू नये.

टुणकन उडी मारणारा लांबुळका जीव माइट नव्हेच. तो स्प्रिंगटेल. सहा पाय, डोक्यावर मिशा, आणि पाणी घातलं की बुडायचं सोडून वर तरंगतो. तोही निरुपद्रवी.

खरी काळजी एकाच ठिकाणी. लिली, कांदा, लसूण अशी कंदाची झाडं असतील आणि झाड मलूल होत असेल तर कंद उपसून बघा. मोत्यासारखे पांढरे, फुगीर, तपकिरी पायांचे माइट कंदाच्या पाकळ्यांत किंवा बुडाशी गोळा झाले असतील तर तो कंदमाइट. जखम झालेल्या किंवा सडू लागलेल्या भागातून तो आत शिरतो आणि सड वाढवतो. असा कंद मऊ पडला असेल तर काढून टाका, कंपोस्टमध्ये नको. बाकीच्या झाडांत कुजलेल्या मुळावर माइट दिसले तर मूळ आधी कुजलं आणि माइट नंतर जेवायला आले, असंच बहुतेकदा असतं. तिथे दोष पाण्याचा आणि निचऱ्याचा शोधा.

कडुनिंबाचं तेल किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड मातीत ओतायचा मोह होईल. ओतू नका. त्यांना मित्र-शत्रू कळत नाही, आणि शिकारी माइट मेले की फंगस नॅटना रान मोकळं. त्याऐवजी पेंड काही दिवस बंद ठेवा, वर पडलेली पेंड मातीत दोन बोटं खोल मिसळा, वरचा थर सुकल्यावरच पाणी द्या. पातळ कातडीच्या बुरशी-माइटना कोरडेपणा सोसत नाही.

हौस असेल तर बाटली कापून नरसाळं करा, आत जाळीवर माती ठेवा, वरून दिवा लावा आणि खाली ओला टिश्यू असलेली वाटी ठेवा. उष्णता आणि कोरडेपणा टाळायला सगळे खाली उतरतात. इटालियन कीटकशास्त्रज्ञ बेर्लेसे यांनी 1905 मध्ये अशाच नरसाळ्याची पद्धत मांडली होती (त्यांनी तापवण्यासाठी गरम पाणी वापरलं, दिवा नंतर आला). दिवा मातीला चिकटवू नका, नाहीतर उतरण्याआधीच जीव भाजून मरतील. एक-दोन दिवसांनी वाटीत बघा आणि पळणारे किती, रांगणारे किती ते इथे लिहा, म्हणजे अधिक नेमकं सांगता येईल.