वाड्याचं काम काढताय? आधी पाण्याचं बघा

आजोळचा वाडा दुरुस्तीला घेतलात, बरं वाटलं. पण नक्षीचे खांब, रंग हे दिवाळीनंतर. मृगाआधी फक्त पाणी.

पहिला वळीव पडला की वाड्यात अर्धा तास नुसते फिरा. डाग दिसतो तिथेच गळती असते असं नाही. पाणी वाशावरून घरंगळत दहा हात लांब टपकतं.

मग एवढं करा:

- संध्याकाळपर्यंत झाकता येईल तेवढंच छप्पर उघडा. सगळी कौलं एकदम उतरवणं ही नवख्यांची ठरलेली चूक.
- ताडपत्री भिंतीबाहेर हातभर लोंबू द्या, खालून वारा खेळू द्या. गच्च गुंडाळलेल्या तुळया आतल्या आत कुजतात.
- पन्हळी साफ. पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब जायला हवं.

आणि ओल दिसली की सिमेंटचा गिलावा नको! मीही एका खोलीत केला होता. चुन्यामातीच्या भिंतीतली ओल सिमेंटमुळे बाहेर पडत नाही, ती वर चढते. दोन पावसाळ्यांत पोपडे पडले, वर तो खरवडायची मजुरी वेगळी.

भिंतीतला पिंपळ ओढून उपटू नका, दगड निसटतात. सध्या छाटून ठेवा. सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा करताना चुन्याचं प्रमाण किती, तो मळायचा कसा वगैरे नंतर सांगतो.